दुखणं कुणाच्या नावावर?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, बाई, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा, विषय बायकांचं नैराश्य. मी विचारलं, बायकांचंच का? तर म्हणाले, बायकांनाच जास्त होतं ना! मंचरच्या बाजारातला कांद्याचा भाव सांगावा इतक्या खात्रीनं म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कारण मला खरंच ठाऊक नाही. सगळी नोकरी याच कामात गेली, आणि नेमका हा साधा प्रश्न कुणी विचारला की माझी दातखीळ बसते. आमच्या पुस्तकात लिहिलंय की उदासपणा आणि चिंता बायकांमध्ये जास्त दिसते. जिवाचं बरंवाईट करून घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त, हेही त्याच पुस्तकात आहे. आता ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा आणि मला सांगा, दुखणं नक्की कुणाला जास्त? मी शिकताना गोंधळले होते ती अजून तशीच आहे. तेव्हा हे वाचून कुणाच्या डोक्यात उजेड पडेल अशी आशा धरू नये, आधीच सांगून ठेवते.

जुन्नर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक होते. दर गुरुवारी पुण्याहून मनाचे डॉक्टर यायचे. ते गोळ्या लिहायचे आणि मी पेशंटशी बोलायचे. बोलायचे म्हणजे बहुतेक वेळ ऐकायचे. आजूबाजूच्या गावांत माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. इंजेक्शनच्या बाई, ड्रेसिंगच्या बाई, तशी मी "बोलायच्या बाई". आधी मला याचा राग यायचा. चांगली एम.ए. झालेली, वर आणखी एक पदविका घेतलेली मी, आणि काम काय तर म्हणे बोलायचं! आमच्या घरी तर हे म्हणायचे, "फुकट करतेस ते काम सरकार पगार देऊन करून घेतंय." पुढं सवय झाली.

आमच्या खोलीच्या दारावर सुरुवातीला मनोविकार अशी ठसठशीत पाटी होती. ती होती तोवर आमच्या बाकावर चिटपाखरू बसत नसे. सगळे समोर दातांच्या डॉक्टरांच्या बाकावर बसायचे आणि नंबर आला की इकडंतिकडं बघत हळूच आमच्या दारात शिरायचे. दात दुखणाऱ्यांना बसायला जागा राहीना, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनीच भांडून ती पाटी काढायला लावली. बायका तरीही घरी काहीतरी निमित्त सांगूनच यायच्या. एक जण तर दर खेपेला लेण्याद्रीच्या गणपतीला नवस आहे म्हणून निघायची. सासू तिला प्रसाद मागायची, म्हणून बिचारी जाताना जुन्नरच्या पेठेतून पेढे घेऊन जायची.

आमच्या कामात मोठी विद्या नाही. "मला उदास वाटतं" असं आमच्याकडं कुणी सांगत नाही. बाई सांगते, डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अंगातला जीवच गेलाय. मग मी विचारायचं, झोप कशी आहे, जेवण जातं का, आणि पूर्वी हौसेनं करत होता असं काय आता करावंसं वाटत नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. बरं वाटू लागलं की तोच उलटा करून विचारायचा, की पुन्हा काय करावंसं वाटायला लागलं. कुणी सांगतं वेणी घालते, कुणी सांगतं शेजारणीशी भांडले. भांडण ऐकून आम्ही खूष व्हायचो.

पुरुष मात्र आत यायचेच नाहीत. बायकोला आत पाठवून बाहेर चिंचेखाली मोटरसायकलवर बसायचे. मी हाक मारली की म्हणायचे, मला काय धाड भरलीय, मी नुसता गाडी घेऊन आलोय. जे थोडे यायचे ते दुसऱ्याच दुखण्याचं बोट धरून. मंचरचे एक कांद्याचे आडते होते, चांगले दांडगे गृहस्थ. हायवेवरच्या जेवढ्या दवाखान्यांत छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून मिळते तेवढ्या सगळ्यांत काढून आले होते, आणि प्रत्येक पट्टी चांगली येते याचाच त्यांना राग. मी म्हटलं, कसली भीती वाटते का? तर ताठ होऊन म्हणाले, "मी घाबरत न्हाई मॅडम. छाती घाबरती." गोळ्यांनी त्यांना छान गुण आला. बाजारात मात्र ते हार्टच्या गोळ्या चालू आहेत असं सांगतात. सांगोत बापडे.

पण मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते डिंगोऱ्याच्या अलकाताईंनी. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारूनच हे लिहितेय.

पन्नाशीला टेकलेली बाई, नेटकी, डोक्यावर पदर. एकटीच आली. घरचं सगळं व्यवस्थित, बागायत जमीन, टोमॅटो-कांद्याचं पीक, लेक दिलेली, मुलगा चाकणला कंपनीत. मालक विष्णूभाऊ. हे नाव ऐकून आमचे शिपाईमामा खुर्चीतून अर्धे उठले. कारण जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद असलेल्या प्रत्येकाला तो आवाज माहीत. यात्रेच्या दिवशी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, माइक हातात घेऊन गाड्यांचा पुकारा करायचा तर विष्णूभाऊंनीच. गाडा सुटला की त्यांचा "भिर्रर्र" असा चढत जायचा की माणसं टोप्या उडवायची. यात्रा कमिट्या त्यांना मानानं बोलवायच्या, फेटा बांधायच्या.

अलकाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पाठ केल्यासारखं सांगायला लागल्या. पहाटे लवकर जाग येते, मग आढ्याकडं बघत पडून राहते. जेवण नको. माणसं नको. कुणी बोलवायला आलं तर घरात न्हाई म्हणून सांगा म्हणते. बोलणंच बंद झालंय. इतकं सरळ, इतकं नेमकं दुखणं मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरही माझ्याकडं बघायला लागले. त्यांनी नेमानं विचारायचं ते विचारलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? बाईनं पदर सावरला. मग म्हणाली, विहिरीच्या काठावर जाऊन बसते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की घरातल्या कुणीतरी सतत जवळ राहिलं पाहिजे, एकटं सोडायचं नाही.

"मी असते की जवळ," अलकाताई म्हणाल्या. "नजरेआड करत न्हाई मी."

मला वाटलं बाईचं लक्ष नाही. या दुखण्यात असं होतं, प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. गोळ्या दिल्या. या गोळ्यांचा गुण लगेच येत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो, तेही समजावलं. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं.

त्यानंतर त्या नेमानं येत राहिल्या आणि माझा गोंधळ वाढत गेला. तोंडानं सांगायच्या की फरक आहे, झोप लागते, चतकोर जास्त जाते. चेहरा मात्र उलटं सांगत होता. बाई वाळत चालली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढत होत्या, बोटं पदराशी सारखी चाळा करत होती, बाहेर दार वाजलं तरी दचकत होती. मनात म्हटलं, घरी मारहाण होत असणार आणि नवऱ्याच्या धाकानं ही बरं वाटतंय म्हणतेय. माइकवर गोड बोलणारी माणसं घरात कशी असतात हे मला कुणी सांगायला नको होतं. मी आडून विचारलं, सरळ विचारलं. बाईनं कानाला हात लावला. म्हटलं, पुढच्या वेळी मालकांना घेऊन या. त्यावर तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

मग एका गुरुवारी त्या हसत आल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी आमचा नेहमीचा उलटा प्रश्न विचारला, की आता पुन्हा काय करावंसं वाटायला लागलंय?

"परवा दाढी केली!" अलकाताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावरचं नाव पुन्हा वाचून बघितलं. मला हसू आलं. अलकाताईंना आपण काय बोललो ते कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि रडायलाच लागल्या. मग एकेक बाहेर आलं. दुखणं विष्णूभाऊंचं. गेल्या यात्रांपासून माणूस बोलायचा थांबला होता. कारण विचाराल तर काही नाही. कर्ज नाही, भांडण नाही, कुणी गेलेलं नाही. घाटात लाखाची गर्दी हलवणारा माणूस घरात पाणी मागायलाही तोंड उघडेना. त्यांना दवाखान्यात आणणं शक्य नव्हतं. विष्णूभाऊ वेड्याच्या डॉक्टरकडं जातो हे कळलं असतं तर कुठल्या कमिटीनं त्यांच्या हातात माइक दिला असता? म्हणून बाई त्यांचं सगळं दुखणं स्वतःचं म्हणून सांगत होती आणि शक्तीची गोळी म्हणून रोज त्यांना देत होती. "बाईमाणसाचं काय," म्हणाली. "बाई दुखणाईत असली तर कुणाला नवल वाटत न्हाई."

डॉक्टर फार चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसाला औषध देणं म्हणजे आगीशी खेळ, काही उलटसुलट झालं असतं तर? पण मध्येच औषध तोडणंही धोक्याचं. शेवटी म्हणाले, मला तो माणूस समोर हवा, नाहीतर पुढची गोळी लिहिणार नाही. ते काम माझ्याकडं आलं.

मी डिंगोऱ्याला गेले. पेशंट बाई असल्यावर तिच्या घरी बोलायच्या बाईनं जाणं यात कुणाला वावगं वाटलं नाही. विष्णूभाऊ ओट्यावर माइकची वायर सोडवत बसले होते. उंच, हाडापेरानं मोठा माणूस, आवाज मात्र इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं. अलकाताई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी शब्द जुळवत होते, यांना सांगू कसं की तुम्ही घेताय ती शक्तीची गोळी नाही. तेच म्हणाले, "मला ठावं हाये बाई. पहिल्या दिवसापासनं ठावं हाये."

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला कसे नाही?

"तिनं इचारलं असतं तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं," ते म्हणाले. "तिनं इचारलंच न्हाई. मग घेत गेलो."

आता याला काय म्हणायचं? दोघं एका घरात, ताटाला ताट लावून जेवणारी, आणि दोघंही एकमेकांना फसवताहेत ते एकमेकांसाठीच. मी तशीच बसले, चहा प्याले. येताना एसटीत मला रागही येत होता आणि रडूही.

तोड निघाली ती अशी. विष्णूभाऊ पेशंटचा नवरा म्हणून आत येणार, डॉक्टर त्यांना तपासणार, त्यांचा कागद त्यांच्याच नावाचा होणार. पण बाहेर बाकावर बसणार आणि खिडकीतून गोळ्या घेणार त्या अलकाताईच. गावाला काय दिसायचं ते दिसू दे. मला ते पटलं नव्हतं, पण माणूस विहिरीपासून लांब राहतोय ना, मग राहू दे म्हटलं.

आणि राहिलाच की. चैत्रातल्या यात्रा लागल्या आणि विष्णूभाऊ पुन्हा घाटात उभे राहिले. आमचे शिपाईमामा मुद्दाम बघून आले आणि सांगत होते की आवाज पहिल्यापेक्षाही वर गेला. तिथं एका कमिटीनं त्यांचा सत्कार केला. का, तर बायकोची अशी अवस्था असताना हा माणूस किती धीरानं घर सांभाळतोय, आणि वर आपली सेवाही करतोय! मामांनी हे कौतुकानं सांगितलं. मामांना सांगावं तर पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा आमचा पहिला नेम. गप्प बसले. बोलायच्या बाईनं आयुष्यात जास्तीत जास्त काय केलं असेल तर गप्प बसण्याचं काम.

तिकडं अलकाताईंना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली होती. आली तरी बायका त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलायच्या. यावर त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण मग मुलाच्या लग्नाचं निघालं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला मुलगी मिळणं हल्ली किती मुश्कील आहे हे मी जुन्नरच्या लोकांना सांगायला नको. आंबेगाव तालुक्यातलं एक चांगलं स्थळ जवळजवळ ठरलं होतं, मुलगा-मुलगी फोनवर बोलायलाही लागली होती. सुपारी फुटायच्या आधी मुलीकडून निरोप आला की मुलाची आई डोक्यानं बरी नाही असं कळलं, आम्ही दुसरं बघतो. ज्यानं ही बातमी पोचवली तो वाईट माणूस नव्हता. त्यानं गुरुवारी बाकावर जे बघितलं तेच सांगितलं होतं.

पुढचं मला खुद्द विष्णूभाऊंनी सांगितलं. ते मोटरसायकल काढून एकटेच मुलीच्या वडिलांकडं गेले. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, पावणं, माझ्या बायकोला काही झालेलं नाही. दुखणं मला झालं होतं, गोळ्या मी खातो, ती नुसती आणायला जाते. मुलीचे वडील ऐकत राहिले. मग उठले आणि त्यांनी विष्णूभाऊंना मिठी मारली.

"म्हणाले, लई मोठ्या मनाचा माणूस हायेस तू विष्णू. बायकोची अब्रू झाकायला येडेपण सोताच्या अंगावर घ्याया निघाला." हे सांगताना विष्णूभाऊ हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "काय करू बाई मी? खरं सांगाया गेलो तर आणखी मोठा झालो."

ती सोयरीक काही जुळली नाही. पण पुढच्या गुरुवारी मी खोलीत कागद लावत होते तर बाहेर बाकावर गलका. विष्णूभाऊ आले होते. पांढरा सदरा, टोपी, यात्रेला निघाल्यासारखे, आणि दातांच्या बाकावर नाही, आमच्या बाकावर बायकांच्या ओळीत मधोमध बसलेले. चिंचेखालची मोटरसायकलवाली मंडळी माना लांब करून बघत होती. मामांनी नाव पुकारलं, जरा दबकतच, तर विष्णूभाऊंनी घाटातल्या आवाजात ओ दिली. दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन बाहेर आले. मी नोकरीत फार वेळा आनंदानं रडले नाही. त्या दिवशी पाठ फिरवून खिडकीकडं तोंड करावं लागलं.

तपासणी झाली. डॉक्टरांनी गोळी आणखी काही महिने चालू ठेवायला सांगितली आणि चहाला गेले. विष्णूभाऊ स्वतः औषधाच्या खिडकीकडं गेले, रांगेत उभे राहायला. अलकाताई त्यांच्याबरोबर आल्या होत्या, त्या खोलीतच थांबल्या. मी खुशीत होते. म्हटलं, अलकाताई, सुटलात एकदाच्या! आता दर गुरुवारी एसटीचे धक्के खायला नकोत. ज्याचं दुखणं त्याच्या पदरात पडलं.

त्या उठल्या नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून घेतली. इतके महिने त्या कडेवरच बसायच्या, आज पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या.

"त्यांचं त्यांच्या नावावर झालं बाई," म्हणाल्या. "आता माझं सांगू का?"

मी हातातले कागद ठेवले आणि बसले. म्हटलं, सांगा. त्यांनी दाराकडं बघितलं. विष्णूभाऊ रांगेत कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते, आत आवाज येत होता. त्यांचं दुखणं पाठ म्हणून दाखवणाऱ्या त्या बाईला स्वतःचं सांगताना शब्द सापडेनात. नवऱ्याच्या दुखण्याच्या काळजीनं तुम्ही अशा झालात का, असं मी विचारणार होते, म्हणजे उत्तरही मीच देणार होते. तेवढ्यात त्या बोलल्या.

"मला लई भ्या वाटतं. दिसभर वाटतं. कशाचं ते ठावं न्हाई," अलकाताई म्हणाल्या. "त्यांच्या लई आधीपासनं."